आकाशात अनोळखी दिवे दिसल्याची तक्रार आल्यास चौकशी कशी करावी

रात्री आकाशात अनोळखी दिवे दिसल्याचे एखाद्या नागरिकाने कळवले आणि त्याची चौकशी आपल्याकडे आली, तर साक्षीदाराला भेटण्याच्याही आधी संबंधित हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला पत्र पाठवून त्या वेळच्या रडार नोंदी राखून ठेवण्याची विनंती करावी. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार अशा नोंदी किमान ३० दिवस जपाव्या लागतात. त्यानंतर त्या हाती लागतीलच असे नाही, आणि फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यातच त्यातले निम्मे दिवस सरतात.

जबाब मात्र घाईने उरकू नये. साक्षीदार एकापेक्षा अधिक असतील, तर प्रत्येकाला वेगळे बसवून आधी त्याला त्याच्या शब्दांत सारे सांगू द्यावे आणि ‘तबकडी’ हा शब्द त्याने उच्चारला नसेल, तर आपणही उच्चारू नये. ‘दिवा किती उंचीवर होता?’ हा सर्वांना सुचणारा प्रश्न विचारून उपयोग नसतो. अंधारात सुट्या प्रकाशबिंदूचे अंतर डोळ्याला कळत नाही आणि अंतर कळल्याशिवाय खरा आकार किंवा वेग सांगता येत नाही. त्याऐवजी साक्षीदाराला त्याच जागी उभे करावे, होकायंत्राने दिशा नोंदवावी आणि हात पूर्ण लांब करून क्षितिजापासून दिव्यापर्यंत किती मुठी बसतात, ते मोजायला लावावे. लांब केलेल्या हाताची मूठ सुमारे १० अंश भरते, करंगळीची रुंदी सुमारे १ अंश, तर पूर्ण चंद्र अवघा अर्धा अंश. कालावधीसाठी प्रसंग मनातल्या मनात पुन्हा पाहायला सांगून घड्याळ लावावे; ‘पाच मिनिटे’ पुष्कळदा दीड मिनिटावर येतात. दिवा हलला असे तो म्हणत असेल, तर कशाच्या संदर्भाने हलला, छपराच्या कडेच्या की विजेच्या खांबाच्या, हे अवश्य विचारावे, कारण काळोखात एकाच ताऱ्याकडे टक लावून पाहिले, तर स्थिर ताराही सरकल्यासारखा भासतो.

छायाचित्र असल्यास मूळ फाइलच मागावी. संदेशातून पुढे पाठवलेल्या प्रतीत वेळेची आणि कॅमेऱ्याची माहिती बहुधा उरत नाही. चित्रात रस्त्यावरचा दिवा असेल, तर त्याच्यापासून चित्राच्या मध्यबिंदूतून सरळ रेघ ओढून पाहावी. गूढ ठिपका याच रेघेवर, पलीकडे तितक्याच अंतरावर सापडला, तर ते बहुधा भिंगातले परावर्तन असते, आणि साक्षीदाराने तो ठिपका डोळ्यांनी पाहिला होता की नंतर छायाचित्रातच, हे विचारताच प्रकरण मिटते.

यानंतर वेळ, दिशा, कोन आणि कालावधी हे चार आकडे ज्ञात गोष्टींशी ताडून पाहावेत. क्षितिजाजवळ बराच वेळ एका जागी तेजाळणारा दिवा शुक्र असू शकतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, न लुकलुकता, फार तर सहा-सात मिनिटांत आकाश ओलांडते आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच आकाशाच्या मध्यावरही विझल्यासारखे दिसेनासे होते. एका रांगेत चालणारे ठिपके म्हणजे नुकतेच सोडलेले, इंटरनेट सेवा पुरवणारे स्टारलिंक उपग्रह. अशी पहिली मोठी तुकडी मे २०१९ मध्ये गेली. आपल्याच दिशेने येणाऱ्या विमानाचा दिवा मिनिटभर थबकल्यासारखा वाटतो. हवेत सोडलेला आकाशकंदील वाऱ्याबरोबरच वाहतो, म्हणून हवामान खात्याकडून त्या वेळची वाऱ्याची दिशाही मागवावी.

निष्कर्ष लिहिताना खरी कसोटी लागते. ‘माहिती अपुरी’ आणि ‘माहिती पुरेशी असूनही उलगडा नाही’ हे दोन शेरे एकत्र करणे ही मोठी चूक होय. फ्रान्सच्या अंतराळ संस्थेचा या विषयाचा विभाग १९७७ पासून काम करतो आणि या दोहोंसाठी अनुक्रमे ‘क’ व ‘ड’, म्हणजे रोमन लिपीतली तिसरी आणि चौथी अक्षरे वापरतो. पहिली दोन निश्चित आणि संभाव्य उलगड्यांसाठी आहेत. अशाच तक्रारी तपासणाऱ्या, अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ने १९६९ मध्ये काम थांबवले, तेव्हा १२,६१८ प्रकरणांपैकी ७०१ अनुत्तरित होती. तेवढ्यावरून परग्रहवासीयांचा पुरावा मिळाला असे ठरत नाही, तसेच ते सारे साक्षीदार भ्रमात होते असेही नाही.

अहवालाची प्रत साक्षीदाराला द्यावी आणि उत्तर ‘शुक्र’ असेल, तर तेवढाच एक शब्द कळवून थांबू नये. ग्रहाची जागा दिवसागणिक थोडीच बदलते. म्हणून निरभ्र रात्र पाहून त्याच जागी, जवळपास त्याच वेळी उभे राहण्यास सांगावे आणि दिवा कोठे दिसेल, ती दिशा व मुठींची संख्या पत्रात आधीच लिहून द्यावी.