फौजी पेन्शन बरोबर मिळते का, हे कसे तपासाल

आधी निवृत्तीची तारीख पाहा. पिढीनुसार नियम वेगळे. 1 जुलै 2014 पासून वन रँक वन पेन्शन लागू झाली, त्यामुळे जुन्या हवालदाराची पेन्शनही तेवढ्याच सेवेच्या नव्या हवालदाराच्या तक्त्याशी (रँक, ग्रुप आणि सेवेनुसार पेन्शनचे दर) जुळवली जाते. दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती होते: 1 जुलै 2019, मग 1 जुलै 2024. 2022 पासूनच्या अग्निवीराला चार वर्षांनंतर पेन्शन नाही, सेवा निधी, म्हणजे सेवेत साठलेली रक्कम, एकरकमी मिळतो.

पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचे पुस्तक) समोर ठेवा. रँक, ग्रुप (ट्रेडनुसारचा वेतनगट) आणि पात्र सेवा (पेन्शनसाठी धरलेली वर्षे) दोन्हींकडे सारखी हवी. ग्रुप चुकला की तक्त्यातली ओळच चुकते, आणि नेमके हेच कोणी बघत नाही.

मग स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवरची पेन्शन स्लिप उघडा. समजा मूळ पेन्शन महिना 20,000 रुपये आणि त्यातली 10,000 विकलेली, म्हणजे तिच्या बदल्यात निवृत्तीवेळी एकरकमी पैसे घेतलेले. हातात 10,000 अधिक महागाई भत्ता येतो, पण तो भत्ता पूर्ण 20,000 वर मोजलेला हवा. विकलेला भाग 15 वर्षांनी परत सुरू होतो. विकलेल्या भागाची कपात कधी सुरू झाली ती तारीख लिहून ठेवा.

वयाची ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनमध्ये 20 टक्के वाढ, पंच्याऐंशीला 30. फॅमिली पेन्शनलाही ती लागू आहे. मात्र जुन्या पीपीओत पत्नीची जन्मतारीखच नसते, मग वाढ अडकते. आधार किंवा पॅन जोडून ती आधीच नोंदवून घ्या. आणि हयातीचा दाखला दरवर्षी विसरू नका, नाहीतर पेन्शनच थांबते.