डायलिसिसवरील रुग्णाचा पूरक आहार: डबा आणण्यापूर्वी दाह पाहावा

डायलिसिसवर असलेल्या माणसाचे वजन उतरू लागले, तोंडाची चव गेली, की घरची मंडळी प्रथम फार्मसीतून प्रोटीन पावडरचा डबा आणतात. डब्याची गरज पुष्कळदा असतेही. परंतु शरीरात दाह (सूज आणणारी प्रतिक्रिया, इन्फ्लमेशन) चालू असताना नुसत्या प्रथिनांनी फारसे साधत नाही, कारण दाहामुळे भूक मरते, स्नायू झिजतात आणि यकृत अल्ब्युमिन (रक्तातले मुख्य प्रथिन) कमी व सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) जास्त तयार करू लागते. त्यामुळे अल्ब्युमिन घसरले म्हणजे माणूस जेवत नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

सुरुवात या दोन तपासण्यांपासून करावी. अल्ब्युमिन 3.8 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर ते कुपोषणाचे एक लक्षण धरतात. सीआरपीचा अहवाल वाचताना आकड्याआधी एकक पाहावे. एक प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिते, दुसरी प्रति डेसिलिटर, आणि एकीकडचे 12 म्हणजे दुसरीकडचे 1.2 असते. सीआरपी पुन्हा पुन्हा वाढलेला येत असेल तर मूत्रपिंडतज्ज्ञांना कारण शोधण्याची विनंती करावी. मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असल्यास पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. त्या जागी लाली किंवा पू दिसला, अथवा डायलिसिस सुरू झाल्यावर हुडहुडी भरून ताप आला, तर ते तिथल्या तिथे टेक्निशियनला सांगावे, पुढच्या डायलिसिसपर्यंत थांबू नये. त्यानंतर हिरड्या तपासून घ्याव्यात. आठवड्याच्या तीन फेऱ्यांत दंतवैद्याकडे जाणे मागे पडते, आणि हिरड्यांचा जुना संसर्ग दाह धुमसत ठेवतो. बंद पडलेला कृत्रिम ग्राफ्ट (डायलिसिससाठी बसवलेली रक्तनळी), अंगात साठून राहिलेले पाणी आणि डायलिसिसच्या पाण्याची शुद्धता हीदेखील कारणे असतात. ती डॉक्टरांनी पाहायची.

आता ताटाकडे वळू. हिमोडायलिसिसवरील (यंत्रातून रक्त शुद्ध करून घेणाऱ्या) रुग्णाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. आजारी माणसाला उकड्या तांदळाची पेज द्यायची आपली रीत आहे, पण पेजेत पाणीच अधिक, आणि सोबतच्या सुक्या मासळीतले मीठ तहान वाढवते. अंड्याच्या एका पांढऱ्या भागात सुमारे साडेतीन ग्रॅम प्रथिने असून निकामी मूत्रपिंडांमुळे अंगात साचणारा फॉस्फरस अगदी थोडा असतो. बांगडा किंवा तारली यांच्या 100 ग्रॅम मांसात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने आणि वर ओमेगा-3 ही उपयुक्त चरबी मिळते. जेवणासोबत घ्यायची, फॉस्फरस अडवणारी गोळी मात्र चुकवू नये.

एवढे करूनही भरत नसेल तर डबा घ्यावा, तोही आहारतज्ज्ञांना दाखवून. व्यायामशाळेतली पावडर आणि डायलिसिसच्या रुग्णांसाठीची पावडर एक नव्हे. घटकांच्या यादीत ‘फॉस्फेट’ दिसले तर विशेष सावध राहावे, कारण मिसळलेला फॉस्फेट अन्नातल्या फॉस्फरसपेक्षा अधिक शोषला जातो. पावडर दोन जेवणांच्या मध्ये घ्यावी आणि ती कालवण्याचे पाणीही दिवसाच्या पाण्यात मोजावे. निदान तीन महिने घेतल्याखेरीज उपयोग झाला की नाही ते ठरवू नये.

माशाच्या तेलाबद्दल हल्ली पुष्कळ विचारले जाते. कॅनडा व ऑस्ट्रेलियातील हिमोडायलिसिस रुग्णांवरील, 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज 4 ग्रॅम तेल घेणाऱ्यांना हृदयाचे गंभीर झटके व तत्सम घटना कमी आढळल्या. त्या मात्रेत ईपीए आणि डीएचए (ओमेगा-3 चे दोन प्रकार) मिळून 2.4 ग्रॅम होते. साध्या कॅप्सुलांत बहुधा 300 मिलिग्रॅम असते, म्हणजे रोज आठ. तेव्हा एखादी कॅप्सूल घेऊन तोच गुण मागणे व्यर्थ आहे, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेल सुरू करू नये.

डायलिसिसमध्ये ब गटातील जीवनसत्त्वे आणि क जीवनसत्त्व वाहून जाते, म्हणून त्यासाठीची खास गोळी डॉक्टर देतात. क जीवनसत्त्वाच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, कारण त्यातून ऑक्सलेट साचते. अ जीवनसत्त्व शरीरात साठून राहते, तेही टाळावे. आमटीतली हळद खुशाल खावी, परंतु हळदीच्या अर्काच्या कॅप्सुलांत ऑक्सलेटचा प्रश्न येतो आणि काहींच्या यकृतालाही त्या बाधल्या आहेत. नोनीचा रस आणि शहाळे यांत पोटॅशियम भरपूर असते आणि तेही अंगात साचते, म्हणून ते टाळावे. परसातले करमल (स्टार फ्रूट) तर तोंडाला लावू नये, लोणच्यातलेही नाही. त्यातील विष निकामी मूत्रपिंडे बाहेर टाकू शकत नाहीत, आणि न थांबणाऱ्या उचकीपासून फिटच्या झटक्यांपर्यंत मजल जाते. आयुर्वेदिक भस्मे घेत असल्यास तेही डॉक्टरांपासून लपवू नये.

श्रावणात आपल्याकडे मासळी आणि अंडी दोन्ही बंद होतात आणि प्रथिने एकदम निम्म्यावर येतात. मूग, मसूर वाढवले तर पोटॅशियम वाढते. म्हणून उपवास सुरू होण्याआधीच्या तपासणीच्या वेळी आहारतज्ज्ञांकडून पनीर, डाळ आणि पावडर यांचे त्या महिन्यापुरते प्रमाण लिहून घ्यावे.