चाचण्यांच्या दिवसांत वर्गाचा वेळ कसा राखावा

महाराष्ट्रातील नियतकालिक मूल्यांकनात वर्षभरात एक पायाभूत (सुरुवातीची) आणि दोन संकलित (सत्राअखेरच्या) चाचण्या होतात, आणि प्रत्येक वेळी प्रथम भाषा, गणित व इंग्रजी असे तीन पेपर असतात. नऊ पेपर म्हणजे जेमतेम नऊ बैठका, त्याचा एवढा काय बाऊ करायचा, असे आपण शिक्षक सहज म्हणतो. मात्र चाचणीत वेळ जातो तो पेपर सोडवण्यापेक्षा त्याच्या मागेपुढे अधिक जातो, आणि तो वाचवायचा असेल तर आधी वहीत मांडावा लागतो.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस व 800 तास, तर सहावी ते आठवीसाठी 220 दिवस व 1000 तास अध्यापन व्हायला हवे. म्हणजे प्राथमिक वर्गाच्या वाट्याला दिवसाला सरासरी चार तास येतात. हे माप धरून टाचणवहीच्या, म्हणजे रोजच्या पाठांच्या तयारीच्या वहीच्या, शेवटच्या पानावर सराव, लेखी पेपर, तोंडी चाचणी आणि तपासणीसह गुणनोंद असे चार रकाने आखावेत व प्रत्येकात शाळेच्या वेळेतून गेलेली मिनिटेच लिहावीत. घरी रात्री तपासलेले पेपर या हिशेबात धरू नयेत. तसे ते कुठल्याच हिशेबात धरले जात नाहीत.

पहिला धक्का बहुधा तोंडी चाचणीचा रकाना देतो. समजा वर्गात 30 मुले आहेत आणि प्रत्येकाला एका विषयासाठी पाच मिनिटे लागतात, तर तीन विषयांचे साडेसात तास होतात, म्हणजे अध्यापनाचे जवळजवळ दोन दिवस. आणि त्या वेळात एक मूल बोलत असताना उरलेली एकोणतीस फळ्यावरचे उतरवत बसलेली असतात. यावर उपाय असा की तोंडी चाचणी सलग उरकण्याच्या मागे न लागता ती आठवडाभर विभागावी, रोज पाच-सहा मुले घ्यावीत आणि त्या वेळी इतरांना जोडीने प्रकट वाचन किंवा गटात सोडवायची उदाहरणे द्यावीत. तोंडी काम हे आकारिक, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता होणाऱ्या, मूल्यमापनाचेही साधन आहे, तेव्हा मुलाच्या वाचनाबद्दल जे दिसले ते त्याच वेळी आकारिकच्या नोंदवहीतही टिपावे, म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा करावे लागत नाही.

सरावाच्या रकान्यावर मात्र निर्दयपणे काट मारावी. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला जे यायला हवे त्यावर, असते आणि मूल आज कुठे उभे आहे हे कळावे म्हणून घेतली जाते. तिच्यासाठी पंधरा दिवस प्रश्नसंच घोटून घेणे म्हणजे ताप मोजण्याआधी रुग्णाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवणे होय. प्रश्नाचे स्वरूप व उत्तर लिहिण्याची जागा मुलांना ओळखीची व्हावी यासाठी एक तासिका पुरते. संकलित चाचणीच्या वेळी परिपत्रक मुळातून वाचावे, कारण ज्या विषयांच्या प्रश्नपत्रिका वरून आल्या त्यांचीच शाळेने पुन्हा वेगळी चाचणी घेतली, की तोच वेळ दोनदा जातो.

वाचलेला वेळ चुकांकडे वळवावा. 503 मधून 278 वजा करा, असा प्रश्न आहे असे धरू. उत्तर 225. ज्याने 375 लिहिले त्याने प्रत्येक स्थानी लहान अंक मोठ्यातून वजा केला आहे. हातचा घ्यायचा असतो हेच त्याच्या ध्यानात नाही. ज्याने 135 लिहिले त्याला हातचा घेणे माहीत आहे, पण मधले शून्य पाहून तो एककासाठी थेट शतकाकडे गेला आणि दशकासाठी पुन्हा तिथेच गेला. गुणनोंदीत दोघांनाही शून्यच मिळते. पहिल्याला दशकाची जुडी सोडून सुट्या काड्या मोजायला बसवावे लागेल, तर दुसऱ्याला शंभराची नोट आधी दहाच्या नोटांत मोडून दाखवली की बहुधा पुरते. म्हणून गुण भरण्याआधी पेपरांचे असे चुकीनुसार गठ्ठे लावावेत. त्याला अर्धा तास लागतो, पण पुढचे उपचारात्मक अध्यापन, म्हणजे मागे राहिलेला भाग पुन्हा शिकवणे, सगळ्या वर्गाला सरसकट न देता सात-आठ मुलांपुरते करता येते.

शिष्यवृत्ती परीक्षेचा प्रश्न वेगळा आहे. तिच्या दोन पेपरांत प्रत्येकी 75 प्रश्न असतात आणि दुसऱ्या पेपरातील 50 प्रश्न बुद्धिमत्ता चाचणीचे, म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरचे असतात. त्यामुळे तिची तयारी शाळा भरण्यापूर्वीच्या जादा तासातच करावी. चित्रकला आणि खेळाच्या तासिका त्यासाठी घेतल्या, तर परीक्षेला न बसलेल्या मुलांचाही वेळ जातो.

पहिले सत्र संपले की चार रकान्यांची बेरीज करून ती तासांत लिहावी आणि शेजारी सत्राचे, म्हणजे प्राथमिकच्या 800 चे निम्मे, 400 तास मांडावेत. हे पान मुख्याध्यापकांना दाखवावे व केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेतही न्यावे. तिथे इतर शाळांचेही असेच हिशेब समोर आले, तर एकाच आठवड्यात चाचणी, माहिती भरणे आणि प्रशिक्षण एकत्र येऊ नये ही मागणी केंद्रप्रमुखांकडे आकड्यांनिशी लेखी देता येते.