गोऱ्या जावयाला मिरजेला न्यायचंय? आधी दोन आकडे काढा

माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलंय, मुलगा इंग्लंडचा. तेव्हापासून दर आठवड्याला तिचा मेसेज येतो, ‘ताई, त्याला भारतात यायला नक्की कोणता व्हिसा काढायचा गं?’ मी दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देते आणि पुढच्या आठवड्यात ती तेच परत विचारते. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. तिच्यासारख्या बऱ्याच जणी असतील.

मी मूळची मिरजेची. गेली काही वर्षं लीड्समध्ये राहते. नवरा इथलाच, ब्रिटिश, पेशाने सुतार. २०२१ च्या जूनमध्ये आम्ही इथल्या रजिस्ट्रारसमोर लग्न केलं. त्यानंतर त्याला मिरजेला न्यायला आम्ही तीन वेगवेगळे कागद वापरले, म्हणून थोडं अधिकाराने बोलते.

कोणता व्हिसा, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी दोन आकडे काढायचे. एक, तो वर्षभरात भारतात किती दिवस राहणार. दोन, लग्नाची सरकारी नोंदणी होऊन किती दिवस झाले. नोंदणी म्हणतेय मी, लग्न नाही. मंगलाष्टकं कधी झाली आणि अक्षता कधी पडल्या याच्याशी कायद्याला देणंघेणं नसतं, त्याला रजिस्ट्रारची तारीख लागते.

आता समजा, तो दिवाळीला किंवा कुणाच्या लग्नाला दोन-तीन आठवडे येणार. मग डोकं लावूच नका, ई-टुरिस्ट व्हिसा काढा. टुरिस्ट म्हटलं की माणसं घाबरतात, ‘पण आम्ही ताजमहाल बघायला थोडीच चाललोय?’ नातेवाइकांना, मित्रांना भेटायला येणं याच व्हिसात बसतं, यात लपवाछपवी काही नाही. तो तीन प्रकारचा असतो: ३० दिवसांचा, एक वर्षाचा आणि पाच वर्षांचा. बहुतेक देशांच्या पासपोर्टला वर्षाचे ४० डॉलर आणि पाच वर्षांचे ८० डॉलर पडतात, वर बँकेचं थोडं शुल्क. ३० दिवसांचा एप्रिल ते जून १० डॉलर आणि एरवी २५. ज्याची सासुरवाडीच भारतात आहे त्याने ३० दिवसांचा काढणं म्हणजे रोज सुटं दूध आणण्यासारखं आहे. पाच वर्षांचाच काढा.

३० दिवसांच्या व्हिसात एक गंमतही आहे. मंजुरीच्या कागदावर संपण्याची जी तारीख असते, ती देशात शिरण्याची शेवटची तारीख असते. ३० दिवस मोजायचे ते विमानतळावर शिक्का बसल्यापासून. एक वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या व्हिसाचं उलट आहे, तिथे घड्याळ मंजुरीच्या दिवशीच सुरू होतं. आणि पाच वर्षांचा आहे म्हणून तो पाच वर्षं मुक्काम ठोकू शकत नाही. ब्रिटिश पासपोर्टवर सलग १८० दिवसांच्या वर राहता येत नाही. दुसऱ्या बऱ्याच देशांच्या लोकांना ही मर्यादा आणखी कमी असते. छापलेल्या मंजुरीवर मुक्कामाची अट लिहिलेली असते, ती चष्मा लावून वाचा.

अर्ज भरायला एक संध्याकाळ मोकळी ठेवा आणि नवऱ्याला शेजारी बसवा. वडिलांचं नाव, आईचं नाव, त्यांची जन्मगावं, गेल्या दहा वर्षांत कुठले देश पाहिले, सार्क देशांत गेल्या तीन वर्षांत गेला होता का, सगळं विचारतात. माझा नवरा ‘शरीरावरील ओळखखूण’ या रकान्यापाशी दहा मिनिटं अडला होता. शेवटी डाव्या अंगठ्यावर पटाशी लागल्याची जुनी खूण आहे, ती लिहिली. भारतातला संदर्भ म्हणून माझ्या वडिलांचं नाव आणि फोन नंबर दिला. बाबांना तसं सांगितलं मात्र, पंधरा दिवस फोन उशाशी घेऊन झोपत होते, दिल्लीहून विचारणा झाली तर काय बोलायचं याची तयारी करत! कुणाचा फोन आला नाही.

आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे होते का, हाही प्रश्न असतो. तो सहज टिचकी मारून पुढे जाण्यासारखा नाही. उत्तर ‘हो’ असेल तर ई-व्हिसा मिळत नाही, वकिलातीकडे कागदी अर्ज करावा लागतो आणि त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. इंग्लंडमध्ये अशी कुटुंबं भरपूर आहेत. हे लग्नाआधी विचारून ठेवलेलं बरं, तिकीट काढल्यावर नको.

नाव पासपोर्टवर आहे तस्संच भरा. त्याचं मधलं नाव घरात कुणी वापरत नाही, म्हणून मी पहिल्यांदा ते गाळलं होतं. सबमिट करायच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचलो. पासपोर्टला येण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने मुदत हवी आणि दोन पानं कोरी. मुदत संपत आली असेल तर आधी पासपोर्ट नवा करा आणि मग व्हिसाला हात घाला, कारण व्हिसा त्या पासपोर्ट नंबरवर निघतो. पासपोर्टच्या पानाची पीडीएफ ३०० केबीच्या आत लागते. आमची चार वेळा परत आली, पाचव्यांदा लागली.

वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे का, ते बघा. अगदी तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट ढिगाने आहेत. माझ्या नणंदेने अशाच एकीवर तिप्पट पैसे मोजले. व्हिसा खराच मिळाला, पण सासूबाई अजून तिला त्यावरून ऐकवतात.

ई-व्हिसावर फक्त यादीतल्या ठरावीक ठिकाणांहूनच आत येता येतं. मुंबई, पुणे, गोवा, नागपूर हे आपले सगळे विमानतळ त्यात आहेत. नेपाळ बघून गाडीने उत्तर प्रदेशात उतरू असा बेत असेल तर तो नाका यादीत आहे का, ते आधी बघा. मुंबईला इमिग्रेशनवर बोटांचे ठसे घेतात. सुतारकामाने नवऱ्याच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन काही केल्या ठसा घेईना. मागची रांग चुळबुळ करायला लागली. काउंटरवरचे साहेब शांतपणे म्हणाले, ‘हात पँटला घासा आणि परत ठेवा.’ घासला, आणि झालं! तुमच्याकडचा माणूस हाताने काम करणारा असेल तर त्याला आदल्या दिवशी हाताला क्रीम चोळायला सांगा. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांना आगमनाचं कार्डही ऑनलाइन भरावं लागतं, उतरण्याच्या आधीच्या ७२ तासांत. त्याला पैसे नाहीत. कुणी मागितले तर साइट चुकलीय.

हे सगळं सोपं वाटतंय ना? पण एकाच कागदावर भिस्त ठेवू नका. २०२२ मध्ये ब्रिटिश पासपोर्टसाठी ई-व्हिसा बंद होता आणि नेमकं त्याच नोव्हेंबरात माझ्या भावाचं लग्न होतं. कागदी अर्ज, त्यासाठी स्वतः हजर राहायचं आणि अपॉइंटमेंट तर मिळतच नव्हत्या. मी रात्री बारा वाजता लॅपटॉप उघडून बसायची. शेवटी एक मिळाली, दुसऱ्या गावातली. पासपोर्ट हातात आला तेव्हा विमानाला चार दिवस होते. मिरजेला हळदीची तयारी सुरू आणि आई फोनवर विचारतेय, ‘जावईबापूंचा फेटा सांगू का नको?’ डिसेंबरात ई-व्हिसा परत सुरू झाला. दैव बघा.

दुसरा मार्ग एंट्री व्हिसाचा, म्हणजे एक्स व्हिसा. भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआय कार्डधारकाच्या (परदेशी नागरिकाला भारतात आयुष्यभर ये-जा करू देणारं कार्ड, त्याबद्दल पुढे) परदेशी जोडीदाराला तो मिळतो. लग्नाचा दाखला, तुमच्या भारतीय पासपोर्टची प्रत असे कागद जोडून वकिलातीच्या केंद्रात अर्ज करायचा. सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल, आई-वडिलांच्या आजारपणात आठ-दहा महिने घरी काढायचे असतील आणि ओसीआयला अजून वेळ असेल, तर हाच घ्यावा. १८० दिवसांहून जास्त मुक्काम करणार असाल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते. ती ऑनलाइन होते आणि जिल्ह्याच्या गावी तो विषय पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असतो. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. आम्हाला याची गरज पडली नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

तिसरा मार्ग ओसीआय कार्डाचा. इथे तुमचा दुसरा आकडा कामाला येतो. लग्नाची नोंदणी होऊन सलग दोन वर्षं झालेली असली पाहिजेत आणि लग्न टिकून असलं पाहिजे, तरच परदेशी जोडीदाराला अर्ज करता येतो. एकदा कार्ड मिळालं की भारतात आयुष्यभर ये-जा करता येते, दिवस मोजावे लागत नाहीत आणि नोंदणीचीही गरज नाही. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आमच्याकडे विकायला काढलेलं शेतही नाही, तो भाग सोडा. नवऱ्याचे आई-वडील, आजोबा-पणजोबा यांपैकी कुणी कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिक असेल तर कार्ड मिळत नाही.

शुल्क परदेशातून २७५ डॉलर, भारतातून १५,००० रुपये. पण भारतात टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला तिथे बसून अर्ज करता येत नाही. ‘सुट्टीत आलोच आहोत तर मुंबईत काम उरकून टाकू’ हा बेत त्यामुळे फसतो. आपण राहतो त्या देशातूनच अर्ज केलेला बरा.

आमचा घोळ झाला तो माझ्या पासपोर्टमुळे. नवऱ्याचे कागद चोख, आणि माझ्या भारतीय पासपोर्टवर जोडीदाराचं नावच नाही! लग्नानंतर तो नवा करून घ्यायचा मी आळस केला होता. परत पासपोर्टचा अर्ज, परत फोटो, आणि त्यात तीन महिने गेले. लग्नाच्या इंग्लिश दाखल्यावर इथल्या परराष्ट्र खात्याकडून अपॉस्टिल, म्हणजे खरेपणाची मोहोर, करून घ्यावी लागली. माझं नाव एका कागदावर वडिलांच्या नावासकट, दुसऱ्यावर त्याशिवाय. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव असतंच, हे इथल्या लोकांना समजावून सांगताना तोंडाला फेस येतो. म्हणून सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घ्यायचं काम लग्न झालं की लगेच हाती घ्या. दोन वर्षं थांबायचंच आहे, तेवढा वेळ पुरतो.

फोटोची आणखी एक खोच. ई-व्हिसाला पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो चालतो, ओसीआयला मात्र फिक्या रंगाची हवी, पांढरी नको. आम्ही आमच्या बैठकीतल्या फिक्या निळ्या भिंतीसमोर काढला. तुमच्याकडे सगळ्या भिंती पांढऱ्या असतील तर मागे एखादी फिकी चादर टांगा, पण सुरकुत्या दिसू देऊ नका.

कार्ड आलं की संपलं असं नाही. जोडीदार म्हणून कार्ड घेतलेल्याने नवा पासपोर्ट काढला की तीन महिन्यांत तो ऑनलाइन चढवायचा, सोबत लग्न अजून टिकून आहे असं लिहून द्यायचं. घटस्फोट झाला तर कार्ड जातं. हे वाचून नवरा म्हणाला, ‘म्हणजे तू रागावलीस तर मला मिरजेची भडंगही बंद?’ मी हो म्हटलं.

बाहेरगावी मुक्कामाचं राहिलंच. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत पोलिसांकडे ऑनलाइन कळवायचं असतं, सगळे त्याला ‘फॉर्म सी’ म्हणतात. गणपतीपुळ्याला आम्हाला पहिल्या लॉजवाल्याने यामुळेच खोली नाकारली, त्याला तो फॉर्म माहीतच नव्हता. दुसऱ्याला माहीत होता, त्याने पासपोर्टची झेरॉक्स घेतली आणि पाच मिनिटांत खोली दिली. तेव्हा बुकिंग करतानाच फोनवर विचारा, ‘फॉरेनर चालतात का?’ घरी उतरणार असलात तरी यजमानाने कळवणं अपेक्षित आहे. बाबांनी पहिल्यांदा ते माझ्या चुलतभावाकडून भरून घेतलं आणि प्रिंट काढून देवघरातल्या कप्प्यात ठेवलं.

मावसबहिणीला मी सध्या एवढंच काम दिलंय. लग्न सांगलीत करायचंय, मुलगा ख्रिश्चन, म्हणजे विशेष विवाह कायदा. त्यात नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद. त्याने तिकडून अविवाहित असल्याचा दाखला आणायचाय, तिने रहिवासाचा पुरावा काढून ठेवायचाय. कार्यालयाचा हॉल तिने आधीच बुक केलाय, मेंदीवालीही ठरवलीय. नोटीस अजून दिलेली नाही.