व्हॉट्सॲपला दोष देण्याआधी या चुका टाळा

जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सॲपची नवी प्रायव्हसी पॉलिसी आली, तेव्हा माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी घाईघाईनं सिग्नल हे दुसरं मेसेजिंग ॲप टाकून घेतलं. आता कंपनी आपले मेसेज वाचणार, ही एकच भीती. खरं तर 2016 पासून तिथले मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, वाटेत ते कंपनीलाही वाचता येत नाहीत. पण तीच मंडळी आजही झेरॉक्सच्या दुकानात स्वतःचं व्हॉट्सॲप उघडं टाकून घरी येतात आणि आधार कार्डाचा फोटो मागेल त्याला पाठवतात. सोसायटीतल्या, नात्यातल्या लोकांचे फोन मी नेहमी बघून देतो. मेसेज वाटेत कुणी फोडला, असं प्रकरण माझ्यापुढे आजवर आलेलं नाही. जे गेलं ते या किंवा त्या टोकाकडून गेलं, आणि बहुतेक वेळा घाईमुळे गेलं.

झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. प्रिंट काढायची असते, फाइल व्हॉट्सॲपवर असते, मागे रांग असते. दुकानातला मुलगा म्हणतो, "काकू, इथं स्कॅन करा." काकू स्कॅन करतात, प्रिंट घेतात, पैसे देतात आणि निघतात. लॉगआउट कुणीच करत नाही.

ओळखीतल्या एका काकूंच्या बाबतीत हेच झालं. माहेरच्या जमिनीच्या वाटणीवरून भावाशी त्यांचं व्हॉट्सॲपवर बरंच कडू-गोड बोलणं चालू होतं. एक दिवस बाजारात भेटलेल्या कुणीतरी त्यांना त्यातलीच वाक्यं जवळपास जशीच्या तशी ऐकवली. काकूंचा संशय थेट वहिनीवर गेला. बोलणं बंद झालं, दिवाळीत भाऊबीजेला जाणंही झालं नाही. पुढे फोनची मेमरी भरली म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. मी सवयीनं व्हॉट्सॲपमधलं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडलं, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी, तर तिथं एक विंडोज कॉम्प्युटर जोडलेला होता आणि तो त्याच दिवशी सकाळी वापरलेला दिसत होता. काकूंकडे कॉम्प्युटरच नाही. मुलाच्या प्रवेशाचे कागद त्यांनी कॉलेजजवळच्या एका दुकानात छापून घेतले होते, तेव्हापासूनचं ते.

पूर्वी फोनचं नेट बंद झालं की वेबही बंद पडायचं. आता तसं नाही. फोनसोबत चार उपकरणं जोडता येतात आणि फोन बंद असला तरी ती चालू राहतात. फोन 14 दिवस वापरलाच नाही तर ती आपोआप सुटतात, पण रोज वापरातल्या फोनला हा नियम कधी लागू होणार?

काकूंनी वहिनीला फोन केला, रडल्या. पण तुटलेलं लगेच सांधलं गेलं नाही. "आमच्यात काय लपवण्यासारखं आहे?" असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. काकूंनी काही गैर केलेलं नव्हतं. घरातलं बोलणं घरात राहावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो हक्क अशा साध्या माणसांसाठीच आहे.

माझी पद्धत: दुकानाच्या कॉम्प्युटरवर काय दिसतंय यावर विसंबायचं नाही. काउंटर सोडण्याआधी स्वतःच्या फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून ते उपकरण काढायचं. मग डाउनलोड्समधली फाइल आणि रिसायकल बिन, दोन्ही माझ्यासमोर रिकामं करून घ्यायचं, आणि त्यानंतरच पैसे द्यायचे. मागचे लोक चुळबुळ करतात. करू देत.

आधारचा फोटो, मागेल त्याला

लॉज, एजंट, घरमालक, कुणीही मागावं आणि आपण पाठवावं. मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, त्यावर शेवटचे चारच अंक दिसतात. जिथं ओळख दाखवण्यापुरतं काम आहे, तिथं मी तेच देतो. कागदावर प्रत द्यावी लागली तर अक्षरांवरूनच आडवं लिहितो: कशासाठी, कुणाला, तारीख.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष, एवढाच तो असतो. तुमचं नाव आणि वय माहीत असलेला कुणीही तो ओळखेल. आणि फोनमधल्या हायलायटरनं नंबर खोडू नका. तो रंग अर्धपारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचे अंक वाचता येतात. नको असलेला भाग सरळ कापून टाका.

बाकीच्या चुका थोडक्यात. लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल असेल, तर ती पत्रिका नाही, ती उघडू नका. आपोआप गायब होणारा मेसेजही समोरचा दुसऱ्या फोननं टिपून ठेवू शकतो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो कुठं काढला ती जागाही सोबत जाऊ शकते. जुनं सिम सोडण्याआधी बँक, आधार आणि व्हॉट्सॲप नव्या नंबरवर घ्या. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो आणि मग तुमचे ओटीपी त्याच्या हातात पडतील.

"पाच मिनिटांत सगळं सेफ करून द्या" म्हणत फोन हातात कोंबणाऱ्यांना मी तो परत देतो. बटणं त्यांनीच दाबायची, मी शेजारी बसतो. दुसऱ्यानं लावलेला पिन त्या दुसऱ्यालाही ठाऊक असतो. सगळी सुरक्षा एका झटक्यात देऊ म्हणणारी ॲप्स तर मी आधी काढायला लावतो. कॉन्टॅक्ट, मेसेज, लोकेशन, सगळ्याची परवानगी त्यांना हवी असते.

आणि बॅकअप. चॅट एन्क्रिप्टेड असली तरी गुगल ड्राइव्हवरची तिची प्रत तशी असेलच असं नाही. 2021 पासून त्यासाठी वेगळी सोय आहे: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. तिथं पासवर्ड ठेवा किंवा 64 अंकी ‘की’ (किल्ली) घ्या. ती हरवली तर कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही, म्हणून ती कागदावर उतरवून घरच्या कपाटात ठेवा. तिचा स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवू नका.