चिनी लग्नाला जाताय? या चुका टाळा

पहिली चूक घरातूनच होते. 'चिनी लग्न' म्हणून एकच एक पद्धत असते असं समजून आपण वाचायला बसतो, आणि हाँगकाँगची रीत बीजिंगच्या लग्नात शोधत राहतो. बीजिंगकडे मुख्य सोहळा बहुधा दुपारच्या आत उरकतात. हाँगकाँगात मेजवानी रात्रीची असते, आणि पत्रिकेवर पाहुणे जमण्याची आणि पंगत बसण्याची अशा दोन वेगळ्या वेळा असतात. मधल्या वेळात मंडळी माजाँग हा सोंगट्यांचा खेळ खेळत बसतात. तेव्हा "तुमच्या घरी कसं करतात?" हे आधीच विचारा. या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही, उलट घरची वडीलधारी मंडळी भरभरून सांगतात.

आहेराचं पाकीट

सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. आपण 501 किंवा 1001 देतो, वरचा एक रुपया शुभ म्हणून. तिथे सम आकडा लागतो, कारण लग्न म्हणजे जोडी. त्यातही 4 टाळायचा, त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी जुळतो. 600, 800, 888, 1,200 युआन हे आकडे चालतात. 250 मात्र कधीच नको. तो आकडा म्हणजे 'मूर्ख' अशी शिवी आहे.

पाकीट लालच हवं. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, त्याला होंगबाओ म्हणतात, सिंगापूर-मलेशियात आंगपाव. पांढऱ्या पाकिटातले पैसे अंत्यविधीला देतात, त्यामुळे घरात सापडलेलं साधं पांढरं पाकीट उचलून नेऊ नका. नोटा कोऱ्या असाव्यात, पाकिटावर आपलं नाव असावं.

दाराशी टेबल मांडलेलं असतं. अनेक ठिकाणी तिथेच पाकीट उघडून, रक्कम मोजून वहीत लिहितात. हे पाहून अवघडून जाऊ नका. आपल्या गावाकडची आहेराची वही आठवा, तसंच आहे. पुढे तुमच्या घरी कार्य निघालं की ती वही काढून, त्याहून थोडी जास्त रक्कम परत केली जाते. म्हणूनच ऐपत दाखवायला भलतीच मोठी रक्कम देणं हीही चूकच, कारण समोरच्यावर त्या परतफेडीचं ओझं पडतं. बरोबरीच्या सहकाऱ्यांना विचारून रक्कम ठरवा.

पाकीट घरी विसरलात, तर? मुख्य चीनमध्ये वीचॅट या फोनवरच्या अॅपवर पैसे पाठवता येतात. पण त्यातल्या लाल पाकिटाला एरवी 200 युआनची मर्यादा असते. तेव्हा थेट ट्रान्सफर करा आणि सोबत शुभेच्छा लिहा.

वस्तू द्यायची असेल, तर घड्याळ नको. आपल्याकडे भिंतीवरचं घड्याळ हा लग्नातला हमखास आहेर, पण 'घड्याळ भेट देणे' हे चिनी भाषेत ऐकायला 'अखेरच्या क्षणी सोबत करणे' यासारखं वाटतं. छत्री, सुरी, कात्रीही टाळा, त्यांतून ताटातूट सुचते.

कपडे

पांढरा रंग शोकाचा. नवरी स्वतः पांढरा गाऊन घालून मग लाल पोशाखात येईल, तरी पाहुण्याने पांढरा कुर्ता किंवा संपूर्ण काळा पोशाख टाळलेला बरा. लाल शालूही घरीच राहू द्या, तो रंग नवरीचा. जांभळी, मोरपंखी, आमसुली पैठणी छान दिसेल.

नवरीच्या प्रत्येक लाल पोशाखाला 'छीपाओ' (उभ्या कॉलरचा एकसंध झगा) म्हणू नका. छीपाओचं आजचं अंगासरशी रूप 1920-30 च्या दशकांतल्या शांघायमधलं. कँटनी, म्हणजे हाँगकाँग आणि दक्षिण चीनकडची, नवरी नेसते तो 'क्वान क्वा', म्हणजे वर जाकीट आणि खाली घागऱ्यासारखा वेश. त्यावर सोनेरी-रुपेरी जरीत ड्रॅगन आणि फिनिक्स भरलेले असतात. भरतकाम जितकं दाट, तितका त्याचा मान मोठा. सर्वांत दाट कामात खालचं लाल कापड जवळपास दिसतच नाही. जवळून पाहायला मिळाला तर नक्की पाहा. हाताला उठाव जाणवेल असं हे काम आहे, पण परवानगीशिवाय हात लावू नका.

चहाच्या वेळी

लग्नाचा गाभा हा चहा आहे, आणि पाहुण्यांच्या हातून सर्वांत दुर्लक्षिला जातो तोही हाच. नवरा-नवरी गुडघे टेकून, दोन्ही हातांनी वडीलधाऱ्यांना चहा देतात. काही भागांत सून सासू-सासऱ्यांना इथेच पहिल्यांदा 'आई', 'बाबा' म्हणते. मग ते चहा पिऊन लाल पाकीट किंवा सोन्याचा दागिना देतात. फोन घेऊन मध्ये घुसू नका, बाजूला उभे राहा. तुम्हीच त्या घरचे जावई किंवा सून होणार असाल, तर कुणाला कोणत्या क्रमाने चहा द्यायचा आणि कुणाला काय म्हणायचं, हे आदल्या दिवशी लिहून घ्या. क्रम चुकला तर मान चुकतो.

या चहात बहुधा कमळाचं बी आणि वाळलेली लाल फळं असतात. ती खजूर नव्हेत, बोराच्या जातीची आहेत. हीच फळं, भुईमुगाच्या शेंगा, लाँगन (लिचीसारखं फळ) आणि कमळाचं बी नवदांपत्याच्या पलंगावरही पसरतात, लवकर मूल व्हावं म्हणून. तो पलंग आवरायला जाऊ नका आणि त्यावर टेकूही नका.

नवऱ्याकडून मुलीच्या घरी जाणाऱ्या रकमेला छायली म्हणतात. 'हुंडा किती घेतला?' असं कुणालाही विचारू नका. ओघ उलट्या दिशेचा आहे आणि विषय नाजूक.

पंगतीत

शाकाहारी असाल तर पत्रिका मिळताच कळवा. फक्त 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, कारण भाजीतही ऑयस्टर सॉस (कालवांचा सॉस) किंवा मांसाचं सूप असू शकतं. बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण मागा, त्यात बहुधा कांदा-लसूणही नसतो.

जोडपं टेबलाशी आलं की उभे राहा, प्याला दोन्ही हातांनी धरा आणि ज्येष्ठांशी टेकवताना आपली कड त्यांच्या कडेखाली ठेवा. दारू घेत नसाल तर चहाचा प्याला उचला, ती रूढ सवलत आहे. मलेशिया-सिंगापूरला 'याम सेंग' असा लांबलचक गजर होतो. तिथे दम पुरेल तोवर सूर धरून ओरडा.