आधी प्रयोजन लिहा, मग सुई

स्टेट बँक ऑफ इंदूर 2010 साली मोठ्या स्टेट बँकेत विलीन झाली, पण आम्हा जुन्या लोकांच्या तोंडी अजून तेच नाव येतं. तिथे मी 19 वर्षं कर्जाच्या टेबलावर काढली. अर्ज आला की रकमेच्या आधी ‘प्रयोजन’ हा रकाना वाचायचे. ‘घरगुती गरज’ असं मोघम काही असलं की अर्ज परत: नीट लिहून आणा.

साठी उलटल्यावर भाच्याच्या लग्नाचे फोटो पाहिले आणि मीच मनात म्हटलं, चेहऱ्याचं काहीतरी करायला हवं. ‘काहीतरी’! असा अर्ज मी कधी मंजूर केला नसता.

म्हणून तुम्हीही कागद घ्या. सकाळी खिडकीपाशी, चष्मा लावून, हातात आरसा धरून बघा. लग्नातले फोटो बाजूला ठेवा, मांडवातले वरचे दिवे कुणाच्याही डोळ्यांखाली खड्डे पाडतात. नेमकं काय खुपतं आणि ते आधी कोण बोललं, दोन्ही लिहा. माझ्या यादीत कपाळावरच्या आडव्या आठ्या, गालांवरचे वांग, नाकापासून ओठांपर्यंतच्या रेघा आणि मान होती. मानेसमोर ‘वहिनी’ असं लिहिलं गेलं, तेव्हा मान खोडून टाकली.

आता चेहरा सैल सोडा. रेघ नाहीशी झाली तर ती स्नायूच्या हालचालीची. बोटॉक्सची सुई त्या स्नायूला तीन-चार महिने सुस्तावून ठेवते, पुढे परत टोचावं लागतं. सैल चेहऱ्यावरही रेघ तशीच राहिली तर ती कातडीत मुरलेली आहे, आणि बोटॉक्सने पूर्ण जाईल याची खात्री नाही. गाल बसले असतील तर फिलर, म्हणजे कातडीखाली सुईने भरायचं जेल. वांगावर या दोन्ही सुया चालत नाहीत, त्यामागे ऊन असतं, हार्मोन असतात.

शहरातल्या एका क्लिनिकात गेले. डॉक्टरांच्या आधी एका मुलीने पॅकेज समोर ठेवलं. “आंटी, माथा एकदम स्मूद हो जाएगा, आज बुक किया तो डिस्काउंट.” आजच्या आज सही मागणाऱ्यापासून लांब राहायचं, हे मीच ग्राहकांना सांगत आले होते. घरी विचार करते म्हटलं आणि उठले.

पुढच्याच आठवड्यात चष्म्याचा नंबर काढायला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी मला डोळे मिटायला लावले, अंगठ्याने भुवया जागीच दाबून धरल्या आणि म्हणाल्या, “आता उघडा.” पापण्या अर्ध्याच वर गेल्या! वरच्या पापणीची कातडी लोंबून बुबुळावर येत होती आणि मी दिवसभर कपाळाच्या स्नायूने ती उचलून धरत होते. आठ्या त्याच्या होत्या. संध्याकाळी वाचताना डोकं जड व्हायचं तेही त्यामुळेच. त्या स्नायूत बोटॉक्स गेलं असतं तर भुवया खाली येऊन पापण्या आणखी लोंबल्या असत्या. पैसे देऊन.

कपाळाच्या आठ्यांसाठी सुई घेण्याआधी ही अंगठ्याची परीक्षा आरशासमोर करून बघाच. शंका आली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्या. मात्र एकच पापणी अचानक खाली आली, एकाचे दोन दिसू लागले किंवा दिवस कलतो तशी पापणी जास्त मिटू लागली, तर तो सौंदर्याचा विषयच राहत नाही, लगेच डॉक्टर गाठा.

मी पापण्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, टाके सहाव्या दिवशी निघाले, दोन आठवडे डोळ्यांभोवती वांग्याचा रंग. उशाला दोन उशा घेऊन झोपले. रक्तदाब, कोरडे डोळे, रक्त पातळ करणारी गोळी, सगळं आधीच सांगा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. कपाळाच्या आठ्या आपोआप बऱ्याच सैलावल्या.

हिशेबही करा. समजा बोटॉक्सच्या एका खेपेला 12 हजार धरले, वर्षाला तीन खेपा, तर दहा वर्षांचे 3 लाख 60 हजार. हा न संपणारा हप्ता आहे. म्हणून बोटॉक्सचा भाव युनिटप्रमाणे, म्हणजे औषधाच्या मापाप्रमाणे विचारा, किती युनिट लागतील तेही. फिलर साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. ते हायलुरोनिक ॲसिडचं असेल तर विरघळवता येतं, तेव्हा विरघळवायचं औषध क्लिनिकात आहे का ते आधी विचारा. क्वचित फिलर रक्तवाहिनीत जाऊन कातडी मरते, दृष्टीही जाऊ शकते. त्यामुळे एमडी त्वचारोग किंवा एमसीएच प्लास्टिक सर्जरी असलेल्या डॉक्टरांच्या हातूनच, नोंदणी क्रमांक पाहून. पार्लरमध्ये भुवया कोरा, सुई नको. कुपी आपल्यासमोर उघडायला लावा.

वांगासाठी मी फक्त सनस्क्रीन धरलं, एसपीएफ 30च्या वरचं, रंग असलेलं, कारण त्यातलं लोह ऑक्साइड दिसणारा उजेडही अडवतं. चेहरा-मानेला दोन बोटं भरून, बाहेर असाल तर दर दोन तासांनी. आमच्या भिशीतल्या एकीने मेडिकलवरून गोरेपणाची क्रीम आणली, महिनाभर खूश होती, मग गाल लाल, कातडी कागदासारखी, वर लव. आत स्टेरॉइड होतं. पील, म्हणजे रसायनाने वरची कातडी सोलणं, करायचंच असेल तर थंडीत. आपली सावळी कातडी जरा भाजली की काळा डाग धरते, आणि पीलनंतर इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर उभं राहणं म्हणजे कपाळमोक्ष. लग्न असेल तर बोटॉक्स निदान महिनाभर आधी. पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे जातात आणि काही बिघडलं तर सावरायला वेळ हवा.

नाका-ओठांच्या रेघांसमोरचा रकाना अजून रिकामा आहे. कागद पासबुकात ठेवलाय. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून काढला, पापण्या बदलल्या तरी यंत्राने ओळखलं.